दुखणं एकीकडे, एमआरआय दुसरीकडचा: वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

विशी-तिशीत सुरू होणारी, पहाटे उठवणारी आणि चाललं-फिरलं की सैल होणारी पाठदुखी मणक्याच्या संधिवाताची (डॉक्टर त्याला स्पॉन्डिलायटिस किंवा अ‍ॅक्शियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस म्हणतात) असू शकते, असं आम्ही मागच्या अंकात लिहिलं होतं. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून पत्रं आली आणि बहुतेकांनी एमआरआयचे रिपोर्ट सोबत जोडले. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत, नावं छापलेली नाहीत. उत्तरं संधिवाततज्ज्ञ आणि रेडिऑलॉजिस्ट यांनी मिळून लिहिली आहेत.

प्रश्न: वय २७, अंबड एमआयडीसीत सीएनसी मशिनवर आहे. सव्वा वर्ष कंबर दुखते. पहाटे चारला जाग येते, उठल्यावर तासभर वाकता येत नाही. कामावर हालचाल सुरू झाली की बरं वाटतं, सुट्टीच्या दिवशी पडून राहिलो की जास्त दुखतं. कधी डावा कुल्ला दुखतो, कधी उजवा. एमआरआयमध्ये ‘एल४-एल५ डिस्क बल्ज’ (कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी फुगलेली) आलं. पट्टा, ट्रॅक्शन करून फरक नाही. एचएलए-बी२७ (मणक्याच्या संधिवाताशी जोडलेलं जनुक) पॉझिटिव्ह आहे. एमआरआयमध्ये स्पॉन्डिलायटिस आला नाही म्हणजे तो नाहीच ना?

तसं समजू नका. तुमचा रिपोर्ट ‘एमआरआय एलएस स्पाइन’चा, म्हणजे कमरेच्या मणक्यांचा आहे. तुम्ही वर्णन करता तो आजार बहुतेकांत आधी तिथे दिसत नाही. तो सुरू होतो एसआय जॉइंटमध्ये. कमरेखाली पाठीवर दोन्ही बाजूंना जे छोटे खळगे दिसतात, साधारण त्यांच्या खाली हे दोन सांधे असतात. मधलं त्रिकोणी हाड म्हणजे सॅक्रम आणि बाजूचं कुल्ल्याचं हाड म्हणजे इलियम, या दोघांना ते जोडतात. एलएस स्पाइनच्या एमआरआयमध्ये उभ्या चकत्या मणक्यांच्या मध्यरेषेच्या आसपास घेतात आणि आडव्या चकत्या डिस्कच्या पातळीवर. एसआय जॉइंट त्या चौकटीबाहेर राहतात, किंवा कोपऱ्यात अर्धवट येतात. जी जागा पाहिलीच नाही, तिच्याबद्दल रिपोर्ट काय सांगणार?

दुसरी अडचण चित्राच्या प्रकाराची आहे. एमआरआयच्या टी२ नावाच्या चित्रात पाणी पांढरं दिसतं आणि चरबीही बरीच पांढरी दिसते. मोठ्या माणसाच्या हाडातल्या मगजात चरबी भरपूर असते, त्यामुळे सुजेचं पाणी त्या पांढऱ्यात हरवतं. म्हणून ‘स्टर’ नावाचं चित्र घ्यावं लागतं. त्यात चरबीचा सिग्नल दाबलेला असतो. हाड काळपट दिसतं आणि त्यात सूज असेल तर ती पांढरी उठून दिसते. तुमच्या रिपोर्टमध्ये स्टरचा उल्लेखच नाही.

‘होल स्पाइन स्क्रीनिंग’ हा शब्द बऱ्याच रिपोर्टांत असतो आणि त्यामुळे सगळा मणका तपासून झाला असं पेशंटला वाटतं. बहुतेक ठिकाणी हे स्क्रीनिंग म्हणजे टी२चा एकच उभा, झटपट घेतलेला संच असतो. मज्जारज्जू कुठे दाबला गेला आहे का हे त्यात कळतं. हाडातली सूज शोधायला तो उपयोगाचा नाही.

डिस्क बल्जचं मनावर घेऊ नका. पाठ अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयचा मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या सुमारे ३० टक्के लोकांत डिस्क बल्ज होतं. तुमचं दुखणं विश्रांतीने वाढतं आणि हालचालीने कमी होतं. डिस्कचं दुखणं सहसा याच्या उलट वागतं.

आता काय करायचं? संधिवाततज्ज्ञांना दाखवा. पेल्विसचा साधा एक्स-रे झाला नसेल तर तो स्वस्तात होतो, पण त्यात बदल दिसायला अनेकदा काही वर्षं जावी लागतात. म्हणूनच तरुण वय आणि थोड्या काळाचं दुखणं असेल, तर थेट एसआय जॉइंटचा एमआरआय करायला युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनी मोकळीक दिली आहे. चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय कंबर’ नको. त्यावर हे असू द्या: ‘एमआरआय, दोन्ही एसआय जॉइंट, अ‍ॅक्शियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिसची शंका. ओब्लिक कोरोनल टी१ आणि स्टर, ओब्लिक अ‍ॅक्शियल स्टर. चकती ३ ते ४ मिलिमीटर.’ हाडाच्या कडेची झीज टिपणारा पातळ चकत्यांचा आणखी एक संच केंद्रावर होत असेल तर तोही मागा. ‘ओब्लिक’ म्हणजे सॅक्रमच्या उताराला समांतर. सॅक्रम मागे कललेलं असतं. सरळ उभ्या चकत्या घेतल्या तर सांधा तिरका कापला जातो, त्याच्या कडा धूसर होतात आणि नसलेली झीज दिसू लागते. वय, किती महिने दुखतं, एचएलए-बी२७चा निकाल आणि चालू असलेल्या गोळ्या हेही चिठ्ठीवर लिहा. रिपोर्ट लिहिणाऱ्याला नेमकं काय शोधायचं ते कळतं.

एचएलए-बी२७ पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार आयुष्यात कधीच होत नाही, म्हणून तेवढ्यावर शिक्का मारू नये. उलट, एसआय जॉइंटचा एमआरआय स्वच्छ आला तरी आजार नाकारता येत नाही. २००९चे आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचे निकष दोन्ही वाटा मान्य करतात: एमआरआयमध्ये किंवा एक्स-रेत एसआय जॉइंटचा दाह आणि जोडीला आजाराचं एक लक्षण, किंवा एचएलए-बी२७ आणि जोडीला दोन लक्षणं. लक्षणं म्हणजे तुमच्यासारखी दाहाची पाठदुखी, डोळा लाल होऊन दुखणं, सोरायसिस, टाचदुखी, वाढलेलं सीआरपी (रक्तातलं दाह दाखवणारं प्रथिन), घरात कुणाला हा आजार असणं, वेदनाशामक गोळीने एक-दोन दिवसांत ठळक आराम पडणं. हे निकष मुळात संशोधनासाठी आहेत. निदान डॉक्टरनेच सगळं पाहून करायचं असतं.

प्रश्न: मुलीचं वय ३१. रिपोर्टमध्ये ‘सबकॉन्ड्रल बोन मॅरो एडीमा’, ‘फॅट मेटाप्लेशिया’, ‘इरोजन’, ‘स्क्लेरोसिस’, ‘नो अँकिलोसिस’ असं लिहिलंय. यातलं वाईट काय? (गंगापूर रोड)

फिल्म खिडकीच्या उजेडासमोर धरा. एकाच जागेच्या दोन चकत्या शोधा, एकीखाली टी१ लिहिलेलं असेल आणि दुसरीखाली स्टर. दोन्हींत मधोमध खाली निमुळतं होत गेलेलं सॅक्रम दिसेल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तिरकी फट. तीच सांध्याची जागा.

स्टरमध्ये फटीला चिकटून, हाडाच्या आतल्या बाजूला ढगासारखा पांढरा पट्टा दिसला तर तो एडीमा, म्हणजे मगजातली सूज. ‘सबकॉन्ड्रल’चा अर्थ कूर्चेला लागून असलेलं हाड. ही सूज म्हणजे आज चालू असलेला दाह, आणि औषधाने ती उतरू शकते. तीच जागा टी१मध्ये साधारण काळपट दिसते.

दाह शमल्यावर तिथे बरेचदा चरबी भरते. ती टी१मध्ये पांढरी आणि स्टरमध्ये काळी दिसते. हेच फॅट मेटाप्लेशिया. इरोजन म्हणजे हाडाची कड कुरतडलेली. टी१मध्ये फटीच्या काठाची काळी रेघ सलग हवी. ती जिथे तुटते आणि आत खाच पडते, तिथे झीज झालेली असते. पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी दातेरी रेघ डोळ्यांपुढे आणा. स्क्लेरोसिस म्हणजे घट्ट झालेलं हाड, ते दोन्ही चित्रांत काळं. अँकिलोसिस म्हणजे सांधा जुळून एकसंध होणं. मुलीच्या बाबतीत ते झालेलं नाही, ही चांगली गोष्ट आहे.

यातला कुठलाही एक शब्द सुटा वाचू नका. एडीमा अनेक कारणांनी येतो. झीज आणि एडीमा एकाच सांध्यात, एकमेकांच्या शेजारी असतील, तर संधिवाताच्या बाजूने पुरावा बराच भक्कम होतो. रिपोर्टमध्ये विस्तारही यायला हवा. प्रत्येक सांध्याचे वर-खाली आणि सॅक्रम-इलियम असे चार भाग पाडतात, दोन्हीकडचे मिळून आठ. २०२१ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने काढलेल्या मर्यादेनुसार सूज किमान ४ भागांत, किंवा एकाच जागी सलग ३ चकत्यांवर दिसली, तर ती संधिवाताची असण्याची शक्यता खूप जास्त. झिजेसाठी हेच आकडे ३ भाग किंवा सलग २ चकत्या. मुलीच्या रिपोर्टमध्ये फक्त ‘माइल्ड’ लिहिलंय. कुठल्या बाजूला, किती चकत्यांवर, हे रेडिऑलॉजिस्टना विचारून पुरवणी रिपोर्ट घ्या. त्यासाठी एमआरआय पुन्हा करावा लागत नाही.

सीडी मात्र नक्की घ्या. फिल्मवर निवडक चित्रं छापलेली असतात आणि झीज पाहायला सगळ्या चकत्या एकामागोमाग सरकवाव्या लागतात. दुसरं मत घ्यायला फिल्म पुरत नाही.

प्रश्न: थ्री टेस्ला मशिनच हवं का? काँट्रास्टचं इंजेक्शन घ्यावं का? (सिन्नर आणि कळवणहून)

टेस्ला म्हणजे मशिनच्या चुंबकाची ताकद. १.५ टेस्ला पुरेसं आहे. ओब्लिक स्टर नीट घेणारं १.५ टेस्लाचं केंद्र, घाईत चुकीच्या कोनात काढलेल्या थ्री टेस्लाच्या चित्रांपेक्षा केव्हाही बरं. कमी ताकदीच्या ओपन मशिनवर मात्र हाडातली बारीक सूज निसटू शकते. काँट्रास्ट, म्हणजे चित्रात काही भाग उठून दिसावा म्हणून शिरेतून दिलेलं औषध, नेहमी लागत नाही, स्टरमध्ये हवं ते दिसतं. जंतुसंसर्ग किंवा गाठीची शंका असेल तर लागतं. तेव्हा आधी क्रिएटिनिन तपासतात, कारण मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर ते इंजेक्शन विचार करूनच द्यावं लागतं.

प्रश्न: वय २९. बाळंतपणाला पाच महिने झाले. कंबर आणि कुल्ले दुखतात म्हणून एमआरआय केला, दोन्ही एसआय जॉइंटमध्ये एडीमा आला. एचएलए-बी२७ निगेटिव्ह, सीआरपी नॉर्मल. लगेच बायोलॉजिक (दाह रोखणारं) इंजेक्शन घ्यावं लागेल असं एका ठिकाणी सांगितलं. (देवळाली कॅम्प)

थांबा. बाळंतपणानंतर काही महिने या सांध्यांत सूज दिसणं फार आढळतं. गरोदरपणात सांध्याचे बंध सैल होतात, वजन वाढतं, प्रसूतीत ताण पडतो. त्यानंतर बाळाला एका कमरेवर घेऊन कामं उरकायची असतात. या यांत्रिक ताणाची सूज आणि संधिवाताची सूज स्टरमध्ये सारखीच पांढरी दिसते.

२०१८ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममधल्या एका गटाने हे तपासलं. ४७ निरोगी लोकांपैकी ११ जणांचा एसआय जॉइंटचा एमआरआय तेव्हाच्या निकषांनुसार ‘पॉझिटिव्ह’ निघाला. बाळंतपणानंतर पाठ दुखणाऱ्या ७ जणींपैकी ४ जणींचाही तसाच. नियमित धावणाऱ्या २४ पैकी ३ जणांचाही. ७ हा आकडा लहान आहे, पण तो सांगतो ते रोज अनुभवाला येतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये झीज नाही, चरबीचे डाग नाहीत. सूज सांध्याच्या पुढच्या-मधल्या भागात, जिथे वजनाचा भार येतो तिथे आहे, आणि उथळ आहे. हे सगळं ताणाच्या बाजूने आहे. इलियमच्या बाजूला त्रिकोणी, दोन्ही चित्रांत काळा पट्टा दिसत असेल तर तो बाळंतपण झालेल्या बायकांत आढळणारा, त्रासदायक पण निरुपद्रवी बदल असतो. रिपोर्टमध्ये त्याला ‘ऑस्टायटिस कंडेन्सान्स’ म्हणतात.

ओटीपोट आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. बाळाला आळीपाळीने दोन्ही बाजूंना घ्या. अंगावर पाजत असाल तर वेदनाशामक स्वतःच्या मनाने घेऊ नका, विचारून घ्या. सहा-आठ महिन्यांनी दुखणं तसंच असेल, आणि पहाटे उठवणारं असेल, तर पुन्हा एमआरआय करा. सूज वाढली किंवा झीज सुरू झाली तर चित्र बदलतं. मधल्या काळात डोळा लाल होऊन दुखला, किंवा एखादा सांधा सुजला, तर सहा महिने वाट पाहू नका.

प्रश्न: वय ४४, निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे, घरी दोन गाई. चार महिने पाठीच्या मध्यावर दुखतंय. एमआरआयमध्ये डी११-डी१२ (छातीमागच्या मणक्यांतले शेवटचे दोन) मणक्यांत आणि मधल्या डिस्कजवळ एडीमा आहे. एका डॉक्टरांनी टीबी सांगितला, दुसऱ्यांनी स्पॉन्डिलायटिसमधलं अँडरसन लीजन (डिस्कजवळची दाहाची सूज). इंजेक्शन चालू करायचं की टीबीच्या गोळ्या?

हा प्रश्न आला तेव्हाच सगळ्यात आधी याचं उत्तर लिहायचं ठरवलं, कारण इथे चूक महाग पडते. बायोलॉजिकमधली टीएनएफ (दाह वाढवणारं प्रथिन) रोखणारी इंजेक्शनं टीबीला मोकळं रान देतात. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठी मॅन्टू किंवा रक्तातली इग्रा चाचणी आणि काविळीच्या बी व सी विषाणूंची तपासणी करतातच. तुमच्या बाबतीत मणक्यातच शंका आहे. तिचा निकाल लागेपर्यंत इंजेक्शन नाही, आणि स्टेरॉइडही नाही.

हे दोन आजार एमआरआयवर कसे वेगळे करतात ते सांगतो. टीबीमध्ये मणक्याच्या बाजूला पू साठतो. त्याचं कवच पातळ आणि गुळगुळीत असतं आणि तो मणक्यापुढच्या बंधाखालून वर-खाली दोन-तीन मणके सरकतो. मणक्याचं हाड विरघळत जातं, पुढून खचतं आणि पाठीला कुबड येतं. डिस्क सुरुवातीला त्यामानाने टिकून राहते. अँडरसन लीजनमध्ये सूज डिस्कला लागून असलेल्या हाडात, बरेचदा अर्धगोल असते. बाजूला पुवाची पिशवी सहसा नसते. शिवाय इतर मणक्यांच्या कोपऱ्यांवर, म्हणजे चौकोनी मणक्याच्या पुढच्या टोकांवर, सुजेचे किंवा चरबीचे बारीक तिकोने सापडतात. एसआय जॉइंटही बिघडलेले असतात. तिसरी शक्यता डिस्कच्या साध्या झिजेची आहे. तिच्यात डिस्क काळी आणि बारीक झालेली असते आणि सूज डिस्कच्या दोन्ही बाजूंना समांतर पट्ट्यांसारखी दिसते. पण ती जास्त करून एल४-एल५ किंवा एल५-एस१ला असते, डी११-डी१२ला कमी.

तुमचा एमआरआय काँट्रास्टशिवाय झाला आहे आणि त्या सहा-सात मणक्यांपुरताच आहे. काँट्रास्टसह पूर्ण मणक्याचा करा, कारण टीबी कधी कधी मधले मणके सोडून दुसरीकडेही असतो. सोबत एसआय जॉइंटचे स्टर आणि टी१ घ्या. ते पूर्ण स्वच्छ असतील तर स्पॉन्डिलायटिसचा दावा बराच कमकुवत होतो.

त्यावरही शंका उरली तर सीटीच्या मदतीने सुईने तुकडा घेतात. तो तुकडा तीन ठिकाणी जायला हवा: सीबीनॅट (टीबीच्या जंतूचं जनुक शोधणारी चाचणी), कल्चर (जंतू वाढवून पाहणं) आणि पॅथॉलॉजी. नमुना पाठवताना नेहमी होणारी चूक म्हणजे सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकणं. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर येतच नाही. कल्चरसाठीचा भाग सलाइनमध्ये, वेगळ्या निर्जंतुक डबीत ठेवतात. आत जाण्याआधी हे डॉक्टरांना विचारून घ्या.

घरी गाई आहेत आणि कच्चं दूध पिण्यात येत असेल, तर ब्रुसेला नावाच्या जंतूची रक्ततपासणीही करून घ्या. तोही मणका आणि एसआय जॉइंट दोन्ही धरतो. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, भूक मरणं यातलं काही असेल तर डॉक्टरांना तारखेनिशी सांगा. टीबी निघाला तर मणक्याला किमान वर्षभर औषधं लागतात. सरकारी कार्यक्रमात ती मोफत मिळतात. पायांत बधिरपणा, चालताना तोल जाणं किंवा लघवी अडणं सुरू झालं, तर छाटणी राहू द्या आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न: तीन वर्षांपासून इलाज चालू आहे. दर वर्षी एमआरआय करायचा का? (ओझर)

नाही. आजार आटोक्यात आहे का, हे सकाळचा ताठरपणा किती वेळ टिकतो, रात्रीची झोप कशी आहे, सीआरपी किती आणि कंबर किती वाकते यावरून ठरवतात. लक्षणं आणि रक्त यांचा मेळ बसत नसेल, किंवा औषध बदलायचा मोठा निर्णय असेल, तेव्हा एमआरआय कामी येतो. मणक्यांमध्ये हाडाचे पूल बांधले जात आहेत का हे एक्स-रेत जास्त नीट दिसतं. तोही दोन वर्षांतून एकदापेक्षा जास्त नको.

प्रश्न: पाठ सरळ टेकवताच येत नाही, मशिनमध्ये पाऊण तास कसा पडून राहू? आणि अंगावरचं काय काय काढावं लागतं? (सातपूर, पंचवटी)

नुसत्या एसआय जॉइंटना साधारण २० ते ३० मिनिटं लागतात, पूर्ण मणक्याला त्याहून जास्त. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा की मान मागे टेकत नाही. टेक्निशियन डोक्याखाली घडी केलेली चादर आणि गुडघ्यांखाली उशी देतात. हललं तर चित्र पुसट होतं, म्हणून सुरुवातीलाच नीट टेकून घ्या. ‘चालेल’ म्हणून ताणून पडू नका, दहाव्या मिनिटाला हलणारच. चालू असलेली वेदनाशामक गोळी त्या दिवशी बंद करायची गरज नाही, पण किती आठवडे घेताय ते चिठ्ठीवर लिहा. पूर्ण मात्रेत काही आठवडे घेतलेल्या गोळ्यांनी सूज थोडी कमी दिसू शकते. सकाळी सगळ्यात जास्त ताठ असाल तर दुपारची वेळ मागा. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधी सांगा. हातात घंटीचा फुगा देतात, तो दाबला की बाहेर काढतात. आवाज मोठा असतो, कानात बोळे घालू द्या.

मंगळसूत्र, जोडवी, करदोटा, कडं, ताईत, केसांतल्या पिना, साडीच्या आतली सेफ्टी पिन, श्रवणयंत्र, काढता येणारी कवळी, दुखण्यावर लावलेला औषधी पट्टा, सगळं काढा. ताईत घट्ट बांधलेला असतो आणि लोक तोच विसरतात. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातलं इम्प्लांट असेल तर त्याचं कार्ड आणा. ते पाहिल्याशिवाय आत नेत नाहीत. गुडघ्याचा कृत्रिम सांधा किंवा कॉपर-टी सहसा आड येत नाही, पण सांगा.

सातपूर-अंबडच्या कामगारांसाठी हे ठळक करून सांगतो. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगवर काम करताना कधी डोळ्यात लोखंडाचा कण गेला असेल, आणि तो पूर्ण निघाला याची खात्री नसेल, तर आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे करा. चुंबकाने तो कण हलला तर डोळा जाऊ शकतो. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट असली तरी सांगा.

प्रश्न: आईचं वय ५६, पंधरा वर्षं रुमॅटॉइड (सांधे सुजवणारा संधिवात) आहे. आता हाताला मुंग्या येतात, मानेमागे दुखतं. पुढच्या महिन्यात गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. मानेचा एमआरआय आधी करावा का? (मालेगाव)

करावा, आणि भूलतज्ज्ञांना आजच कळवा. रुमॅटॉइड कंबरेपेक्षा मानेला धरतो, तेही सगळ्यात वरच्या दोन मणक्यांना. तिथला बंध सैल पडला की पहिला मणका दुसऱ्यावर पुढे घसरतो. भूल देताना नळी घालण्यासाठी मान मागे-पुढे करतात, त्यात मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो.

एमआरआयमध्ये मज्जारज्जू आणि सांध्यावर साठलेला मऊ थर दिसतो, पण पेशंट उताणी पडलेली असते आणि त्या स्थितीत घसरलेला मणका बरेचदा जागेवर बसतो. म्हणून मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेले दोन एक्स-रे जोडीला हवेत. मान आईंनी स्वतः, त्रास होईल तिथपर्यंतच हलवायची, कुणी धरून नाही. त्या एक्स-रेत पहिल्या मणक्याची पुढची कमान आणि दुसऱ्याचं दातासारखं टोक यांतलं अंतर मोठ्या माणसात ३ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ते असाधारण. मागच्या बाजूला मज्जारज्जूसाठी उरलेली जागा १४ मिलिमीटर किंवा कमी असेल तर गुडघा थांबवून आधी मानेचा विचार करावा लागतो.

प्रश्न: वडील ६१ वर्षांचे, स्पॉन्डिलायटिसने मान आणि पाठ पूर्ण जुळलेली, पुढे झुकलेली. मोरीत घसरून बसले. एक्स-रे नॉर्मल सांगितला, पण मान पूर्वीपेक्षा जास्त दुखते आणि नजर थोडी वर लागते असं ते म्हणतात. (नाशिक रोड)

या पत्राला अंक निघायच्या आधीच आम्ही त्या घरी उत्तर देऊन मोकळे झालो. इतरांसाठी इथे देत आहोत. जुळलेला मणका एका लांब हाडासारखा होतो, आणि तो आतून ठिसूळही असतो. साध्या पडण्यानेही तो आरपार मोडतो, जास्त करून मानेच्या खालच्या भागात, सी५ ते सी७च्या आसपास. एक्स-रेत खांदे आड येतात आणि तो भाग झाकला जातो. नवीन दुखणं आणि बदललेली नजर, म्हणजे मोड आहे असंच धरून चालायचं. आधी सीटी, शक्यतो पूर्ण मणक्याचा, कारण दुसरीकडेही मोड असू शकतो. मग एमआरआय, स्टरसह: मज्जारज्जू दाबलाय का, मणक्याच्या नळीत रक्त साठलंय का, हे त्यातच कळतं.

न्यायचं कसं, हे घरच्यांनी लक्षात ठेवावं. मान सरळ करू नका. पूर्वी ती जितकी झुकलेली होती तितकीच, उशा आणि दुमडलेल्या चादरींचा आधार देऊन ठेवा. कडक कॉलर जबरदस्तीने चढवला तर मोडलेली टोकं एकमेकांपासून दूर जातात आणि मज्जारज्जू फाटतो. १०८च्या गाडीतल्या माणसांना, सीटीच्या आणि एमआरआयच्या टेबलावरच्या टेक्निशियनला, प्रत्येकाला हे वेगळं सांगावं लागतं, कारण उताणं झोपवून डोकं टेकवायची सवय सगळ्यांच्या हातात असते. वडिलांचा पडण्याआधीचा, बाजूने काढलेला एखादा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो दाखवा. मान किती झुकलेली होती ते त्यांना लगेच कळेल. उचलताना चौघांनी एकदम, डोकं-खांदे-कंबर एका रेषेत ठेवून वळवा.